स्टेनोबाई आणि टाकीचा आवाज

आमच्या कंपनीतल्या स्टेनोबाईंचा आवाज इतका बारीक होता, की टेबलापलीकडून त्यांचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागे. आणि या बाईंचा जीव अडकलेला असायचा तो मोठ्या आवाजाच्या इंग्रजी शब्दांत. मुंबईच्या हेड ऑफिसला जाणाऱ्या पत्रात कुठलं विशेषण पडतंय, याची त्यांना कायम धास्ती. पाकिटाला गोंद लावून झाल्यावरही त्या विचारत, "मंगल, शब्द कमी तर नाही ना पडला?"

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कासारवाडीच्या विहाराशेजारी टायपिंग शिकून मी चिंचवडच्या त्या कारखान्यात नुकतीच लागले होते. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तिथेच कॉम्प्रेसरवर होता. पत्र्याच्या शेडमध्ये ते धडधडणारं मशीन आणि शेजारी त्याची हवा साठवणारी, माणसाहून उंच लोखंडी टाकी. दादाची पाळी तिच्या शेजारीच जायची.

जेवणाच्या सुट्टीत बाई मला इंग्रजी शिकवत. "लाउड म्हणजे नुसता मोठा. क्लॅमरस म्हणजे रॉकेलच्या दुकानापुढचा गलका. इन्सिस्टंट मोठा असेलच असं नाही, पण तो पिच्छा सोडत नाही. प्रेसिंग म्हणजे काय, सांग बघू?"

"इस्त्री," मी म्हणाले.

बाई हसल्या, इतक्या की त्यांना ठसका लागला. "अगं, छातीवर येऊन बसलेलं काम!"

आमच्या साहेबांना मात्र एकच शब्द ठाऊक होता, अर्जंट. त्याचा लाल शिक्काच त्यांनी करून घेतला होता. बाई कुरकुरत, "टाचण्या मागवायच्या, तरी अर्जंट! उद्या खरंच काही झालं तर काय लिहायचं?"

त्या थंडीत एके दिवशी फोरमन ऑफिसात आले. महाळुंग्याचे, शेती सांभाळून नोकरी करणारे गृहस्थ. "साहेब, टाकीचा आवाज बदललाय. खालनं येगळीच शिट्टी येतीया. काम बंद करून उघडून बघाया पायजे."

मोठी ऑर्डर अर्ध्यावर होती. साहेबांनी बाईंना मजकूर सांगितला: टाकीत 'सम नॉइज' आहे, सवडीने माणूस पाठवावा.

बाईंची पेन्सिल थांबली. "साहेब, नॉइज नको. 'अलार्मिंग' लिहू का?"

"तसं लिहिलं तर मुंबईवाले आजच काम थांबवायला लावतील, बाई."

"म्हणूनच विचारते."

"मी सांगतो तेच लिहा."

ते पत्र टाइप करायला माझ्याकडे आलं. मी ते जसंच्या तसं टाइप केलं. त्यावर नेमका अर्जंटचा शिक्का मारायचा राहिला.

मुंबईहून उत्तर येईना. सकाळी दादा डबा घेऊन निघाला की मला वाटे, आज याला काहीतरी कारण काढून घरी ठेवावं. आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. बाई तर काम करता करता मध्येच थांबत आणि खिडकीपाशी जाऊन कान देत. एकदा पाणी प्यायला आलेल्या दादाला त्यांनी विचारलं, "शिट्टी मध्ये थांबते का रे?"

"नाही बाई, चालूच असते. कालपासून वाढलीय."

बाई जागेवर बसल्या. टाइपरायटरवर कागद चढवला, मुंबईच्या पत्राची एक ओळ टाइप केली आणि तशाच उठल्या. ऑफिसातल्या बायका कधी शेडकडे जात नसत. बाई पदर खोचून भराभर आवार ओलांडून गेल्या, मी मागे. शेडच्या दारात उभ्या राहून त्या काहीतरी बोलल्या. मशीनच्या धडधडीत मलाही ते ऐकू आलं नाही. मग त्यांनी तोंडाशी दोन्ही हात धरले आणि अख्खा जीव एकवटून ओरडल्या, "बंद करा! सगळे बाहेर या!"

आवाज फाटला त्यांचा. दादाने फोरमनकडे बघितलं. फोरमननी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि खटका खाली ओढला.

साहेब धावत आले. "कुणी बंद करायला सांगितलं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"अन् म्या बंद केलं," फोरमन म्हणाले.

टाकीतली हवा सोडली. मेकॅनिकने तळाशी हलक्या हाताने ठोकून बघितलं, तर हातोडी पत्रा फोडून आत गेली. गंजाने तळ आतून खाऊन टाकला होता. दादा होता तिथेच जमिनीवर बसला.

साहेबांनी सगळ्यांसमोर बाईंचे आभार मानले. आणि महिना उलटायच्या आत बाईंची बदली मुंबईला झाली. कारण सांगितलं, तिथे चांगल्या इंग्रजीची गरज आहे. चिंचवड गावठाणातलं बिऱ्हाड आवरून, म्हाताऱ्या आईला बरोबर घेऊन बाई निघाल्या.

मी आणि दादा स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. दादा ट्रंक चढवायला डब्यात शिरला, तेव्हा बाई मला म्हणाल्या, "त्याला कानात कापूस घालायला सांग गं. ती शेड कान खाते माणसाचे."

दादाला तोवर डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं. पण बाईंच्या डोक्याला तेव्हा नव्या शहराची, नव्या जागेची काळजी होतीच. मी नुसतं "सांगते" म्हणाले.

गाडी हलली. खिडकीतून बाई दादाला काहीतरी म्हणाल्या. त्याला ते कळलं नाही, हे मला दिसलं. त्याने "हो बाई" म्हटलं, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो हात जोडून उभा राहिला.