लपवायला बळ दे, असं मी मागत होते

आमच्या सासूबाईंना स्तनाचा कॅन्सर आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त त्यांना सोडून. "गाठ आहे, औषधानं विरघळेल," एवढंच आम्ही त्यांना सांगितलं होतं. त्यांचा धीर सुटेल असं दीर म्हणाले आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं. मी चाकणच्या एका कंपनीत नोकरी करते. कामावर निघताना रहाटणीतल्या दत्ताच्या देवळापाशी थांबून रोज हात जोडायचे, "महाराज, आईंना कळू देऊ नका. लपवायला मला बळ द्या." खोटं बोलायला देवाची मदत मागताना अवघडल्यासारखं व्हायचं, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

उपचार सुरू झाले आणि आई बदलल्या. त्यांनी आपलं ताट-तांब्या वेगळं केलं. माझी पाच वर्षांची स्वरा त्यांच्या अंगाखांद्यावरच वाढलेली, पण आता ती जवळ गेली की "जा तिकडं, आईपाशी" म्हणून तिला हाकलायच्या. पोर हिरमुसून बसायची. औषधांनी चिडचिड होत असेल, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर मनातून मी आईंवर रागावले होते, आणि देवावरही.

तिसऱ्या किमोच्या दिवशी मी रजा घेऊन त्यांच्यासोबत गेले होते. शेजारच्या खुर्चीत दिघीच्या एक बाई होत्या. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, मांडीवर वही. डॉक्टरांना विचारायचं ते सगळं त्यांनी वहीत लिहून आणलं होतं. त्यांनी सहज आईंना विचारलं, "मावशी, कितवा किमो?"

घरात आम्ही त्याला सलाईन म्हणत होतो. मी विषय बदलणार, तोच आई म्हणाल्या, "तिसरा." मग त्यांच्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "बाई, तुमाला नातवंडं हायत का? त्यांना कसं लांब ठेवता? ह्यो कॅन्सर दुसऱ्याला लागतो न्हवं?"

"नाही हो मावशी, कुणाला लागत नाही. मीही घाबरले होते, म्हणून पहिल्यांदा तेच विचारून घेतलं. माझा नातू माझ्याच ताटात जेवतो."

आई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं बोलणं म्या पयल्याच आठवड्यात आयकलं व्हतं. कुणी सांगंना, म्हून इचारलं न्हाई. वाटलं, लागणारा रोग हाय म्हून झाकत असतील, तवा पोरीला म्याच लांब ठिवली."

मला रडू आवरेना. "चुकलं माझं, आई," एवढंच म्हणू शकले. त्या बाईंनी वहीतलं कोरं पान फाडून माझ्या हातात दिलं. "त्यांना काय विचारायचंय ते लिहून घ्या," म्हणाल्या. आई सांगत गेल्या, मी लिहीत गेले. अजून किती वेळा यायचं, केस परत येतील का, मेथीची भाजी चालेल का. डॉक्टर आले तेव्हा आईंनी स्वतःच सगळं विचारलं. डॉक्टर त्यांच्यापाशी स्टूल ओढून बसले आणि एकेक समजावून सांगितलं. "नातीला खुशाल जवळ घ्या," ते म्हणाले, "तिला सर्दी-खोकला असेल तेव्हा मात्र तुम्हीच जपा."

घरी पोचलो तर स्वरा दारातच होती, पण सवयीनं लांब उभी राहिली. आईंनी हात पुढे केले. आधी तिनं माझ्याकडे पाहिलं, मग धावत जाऊन आजीच्या पदरात तोंड खुपसलं.

त्या दिघीच्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत. त्यांचं नावही विचारायचं राहून गेलं. मी याला चमत्कार म्हणत नाही. एवढंच कळतं की मी जे मागत होते ते महाराजांनी दिलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आईंचे उपचार अजून चालू आहेत. पुढचं काय ते महाराजांवर सोडलंय. डॉक्टर आम्हाला जे सांगतात, ते आता आईंच्या देखतच सांगतात.