पळणाऱ्याच्या मागे

शनिवार, २३ ऑगस्ट. ढगाळ, पण पाऊस नाही. पोळ्याच्या पुरणपोळ्या उरल्या आहेत. नदीकडच्या खिडक्यांना सकाळीच फळ्या ठोकून घेतल्या. दूधवाला लवकर येऊन गेला. वरच्या खोलीतली श्रुती चहा न घेताच गच्चीवर जाऊन बसली. दिवसभर गोटमार. तृप्तीच्या भावाला डोळ्यापाशी लागले. दिवे लागायच्या सुमारास गल्लीतल्या बायांनी श्रुतीला ओवाळले.

घरमालकीण नलिनीआजींनी त्या रात्री रोजनिशीत लिहिले.

श्रुती पांढुर्ण्यात आली त्याला अजून वर्ष झाले नव्हते. वडील पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे लहानपण बदल्यांत गेले. वडील वारले, आई भावाकडे परदेशी गेली. पुण्याच्या ज्या कंपनीसाठी श्रुती पटावरचे खेळ तयार करायची, तिने घरून काम करायची मुभा दिली, तेव्हा घर म्हणजे कुठले, हा प्रश्न तिला पडला. शाळेत असताना पांढुर्ण्यात एका बाईने तिला खिडकीतून हाक मारून संत्र्याची फोड दिली होती. एवढ्या आठवणीवर ती इथे आली आणि नलिनीआजींच्या माडीवर भाड्याने राहिली.

तिचा धंदा गल्लीला काही केल्या कळेना. पुठ्ठे कापायचे, सोंगट्या रंगवायच्या, चारजणांना खेळायला बसवायचे आणि आपण बाजूला बसून बघायचे. खेळ बनवणारा स्वतः खेळत नाही, तो खेळणाऱ्याकडे पाहतो. कोण घाई करतो, कोण राखून ठेवतो, कोण हरताना चिडतो, सगळे त्याच्या ध्यानात राहते. श्रुतीचे आयुष्यच तसे गेले होते. पट मध्ये, माणसे भोवती आणि ती जरा मागे.

"एकटी काहून जेवते वं?" शेजारच्या तृप्तीने एकदा सरळ विचारले. "भिंतीशी बोलून राहिली होती का आत्ता?"

"डाव मोजत होते."

"मंग आमाले शिकव ना. आमच्या घरी मोजणारं कोनी नाई, नुसते बोलणारे हायेत."

तृप्ती सावरगावची लेक. सावरगाव म्हणजे जाम नदीच्या पलीकडचा काठ, पूल ओलांडला की माहेर. तिचा नवरा रोशन पांढुर्ण्याचा. भाऊ हेमराज संत्र्याच्या मंडईत कामाला होता. तो रोज संध्याकाळी पूल ओलांडून बहिणीकडे यायचा आणि मेव्हण्याची चेष्टा केल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. हे तिघे श्रुतीच्या पटाशी बसू लागले. मग गल्लीतले आणखी चारजण आले. नलिनीआजींच्या ओसरीवर जागा पुरेना.

त्यांच्यासाठी श्रुतीने मनापासून नवा खेळ केला. गोटमारीचाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. सावरगावच्यांनी झाड राखायचे, पांढुर्ण्याच्यांनी ते तोडून न्यायचे, आणि दोन्ही काठांवरून दगड. माणसे जखमी होतात, क्वचित दगावतातही. संध्याकाळी झाड चंडीमातेच्या देवळात पोचते आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही काठचे सोयरे एकमेकांची विचारपूस करायला जातात. श्रुतीच्या पटावर दगडांच्या जागी चिंचोके होते. सोंगट्यांना पोरांनी आपापली नावे दिली.

हेमराज झाड राखायचा आणि दरवेळी जिंकायचा.

"भाटवे, तुमाले पटावर झाड तोडता येत नाई," तो रोशनला म्हणायचा. "नदीत काय तोडसान? दातकाडी?"

सगळे हसायचे. रोशनही हसायचा, पण सोंगटी उचलताना त्याची नखे दाबून पांढरी पडायची. श्रुतीने ते पाहिले होते. पाहणे हाच तिचा धंदा.

पोळा जवळ आला तसा हेमराज यायचा थांबला. तसेच होते दरवर्षी, तृप्ती म्हणाली. त्या आठवड्यात भाऊ पूल ओलांडत नाही. बोलणारी माणसे एकदम कमी बोलू लागली. नदीकाठी ट्रॉलीतून दगड पडल्याचा आवाज दुपारी घरात यायचा. श्रुतीला वाटले, आता पुन्हा आपली खोली आणि आपली भिंत.

पण रोशन आला. ओसरीवर एकटाच बसला, पट स्वतः मांडला.

"श्रुतीताई, एक सांगा. तुमी आमच्या का त्यांच्या?"

आजवर कुणी तिला हा प्रश्न विचारला नव्हता. ती पटाजवळ सरकून बसली.

"इथे राहते, म्हणजे तुमचीच."

"मंग सांगा ना, हा हेमराज हरत काहून नाई?"

तिने सांगितले. कारागिराने आपले हत्यार कसे चालते ते सांगावे, तसे सांगितले. हेमराज झाडापाशी पक्का असतो. तिथे त्याला कुणी हलवू शकत नाही. पण तो पळणाऱ्याच्या मागे लागतो. प्रत्येक डावात. म्हणून सगळ्यांनी एकदम मागे पळायचे, दोघांनी मात्र पळायचे नाही. बाजूला दगडांआड थांबायचे. तो झाड सोडून पुढे आला की आडव्या अंगाने...

तिने बोटाने हेमराजची सोंगटी आडवी केली. रोशनने ती सोंगटी उचलून पुन्हा तशीच आडवी ठेवली. मग म्हणाला, "लय झ्याक, ताई."

नलिनीआजी दारात उभ्या होत्या. "हा खेळ आहे ना, श्रुती?" त्यांनी विचारले.

"खेळच आहे, आजी."

शनिवारी गच्चीवरून नदी स्पष्ट दिसत होती. ढोल, आरोळ्या, काठांवर मुंग्यांसारखी माणसे आणि मधे ते हिरवे झाड. दगड हवेत दिसत नव्हते, पडल्यावरच कळत होते. तृप्ती शेजारी उभी होती. तिचा नवरा अलीकडे, भाऊ पलीकडे. ती कुणाच्याच नावाने ओरडत नव्हती.

दुपार कलली. पांढुर्ण्याची पोरे एकाएकी मागे पळू लागली. पलीकडून जल्लोष उठला.  ही चाल श्रुतीच्या ओळखीची होती. दोघे पळाले नव्हते.

झाडापासून एक पिवळा सदरा सुटला आणि पळणाऱ्यांच्या मागे लागला.

"हेमराज!" श्रुती ओरडली. "मागे फीर!" ढोलांत तो आवाज गच्चीच्या कठड्यापलीकडेही गेला नाही. तृप्तीने वळून फक्त तिच्याकडे पाहिले. हा सदरा इतक्या लांबून हिने आधी कसा ओळखला, असे ते पाहणे होते.

पिवळा सदरा आडवा पडला, पटावर पडला होता तसाच.

संध्याकाळी पोरे गुलाल उधळत गल्लीत आली. रोशनच्या कपाळाला फडके होते. "हिनं डाव सांगतला!" तो सगळ्यांना सांगत होता. "आमच्या श्रुतीताईनं!" बायांनी तबक आणले. कुणी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, कुणी म्हणाले, आता हिला कुठे जाऊ द्यायचे नाही. सगळ्यांनी तिला मधे घेतले होते. मागे सरायला जागा नव्हती.

तृप्ती दवाखान्यातून आली तेव्हा ओसरी रिकामी झाली होती.

"नागपूरले नेला. डोळ्याचं उद्या सांगतीन."

"तृप्ती, मी..."

"हसून राहिला होता पट्टीखालून. म्हणे, डाव श्रुतीताईचाच असन. पुढच्या पोळ्याले सावरगावकडून सांगजो म्हणा, रोशनभाऊ कुठं कच्चे हायेत ते."

 श्रुतीने विचारले, "आणि तू? तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हनू?" तृप्तीने तिच्या कपाळावरचे कुंकू अंगठ्याने नीट केले. "मी दोन्हीकडची. आता तू बी झाली."

मग नलिनीआजींनी रोजनिशीत आणखी एक ओळ लिहिली: नदीकडच्या खिडक्यांच्या फळ्या आज काढल्या नाहीत. श्रुती म्हणाली, राहू द्या.