बाकावरचा ठेका

नववीत गेले तरी मला स्वतःचं नाव धड सांगता यायचं नाही. पहिल्याच अक्षराला जीभ अडकायची, मान वाकडी व्हायची आणि वर्ग हसायचा.

त्या वर्षी न्हावऱ्याच्या शाळेत विज्ञानाला दौंडचे एक तरुण सर आले, तात्पुरत्या नेमणुकीवर. त्यांना इंग्रजी रॅपच्या कॅसेटचं वेड होतं. धडाही ते तसाच शिकवायचे. बाकावर ठेका धरायचा आणि वाक्यं त्यावर भराभर सोडायची, गाऊन नाही, बोलूनच.

"उजवीकडनं काळं रक्त फुप्फुसाकडं जाई, डावीकडनं लाल होऊन अंगभर वाही."

एकदा सगळा वर्ग म्हणत असताना पुढचं विसरून एकेक जण गप्प झाला. मी एकटीच म्हणत राहिले, कुठंही न अडकता. सरांनी ठेका थांबवला नाही. घरी चुलीपुढं आईला तेच म्हणून दाखवलं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि तव्यावरची भाकरी करपली.

दिवाळीनंतर तपासणीला साहेब आले. त्यांनी प्रश्न विचारून मलाच उभं केलं. मी बाकावर बोटं टेकवली.

"हात खाली. नीट उत्तर दे."

ओठ हलले, आवाज फुटेना.

"साहेब, ठेका धरू द्या तिला. सगळं येतं," सर म्हणाले.

"ही शाळा आहे का तमाशाचा फड?"

वर्ग हसला. त्या दिवशी सरही मान खाली घालून उभे राहिले. जूनमध्ये ते परत आले नाहीत. दहावीच्या तोंडी परीक्षेला मी नुसती उभी होते. नापास झाल्यावर वडील एवढंच म्हणाले, "न्हाई जमत तर ऱ्हाऊ दे." पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. सासरी मला मुकी म्हणायचे.

काही वर्षांनी दौंड स्टेशनवर सर भेटले. गळ्यात कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र होतं. त्यांनीच मला ओळखलं.

"कशी आहेस?"

मला विचारायचं होतं, हल्ली शिकवत न्हाई का तुम्ही? पण 'ह'वरच अडकले. ह, ह, ह. माझी मुलगी कडेवर झोपली होती. सरांनी तिच्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं.

"हॉस्पिटलला चाललीस का?"

वर्गात त्यांनी कधी माझा शब्द पुरा केला नव्हता.

मी मान हलवली, व्हय म्हणून.