आंदणातली सायकल

चुडामणची सायकल कायम ओट्याला लागून उभी असायची. समोर निंबाचं झाड होतं, त्याची सावली होती. पण सायकल उन्हात, ओट्यालाच. का, ते गावात दोघातिघांनाच ठाऊक होतं. त्यातला मी एक.

आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. मग मी भुसावळला कॉलेजात गेलो, मराठी घेऊन बी.ए. झालो आणि घरी बसलो. तो दीपनगरला वीजकेंद्रात एका ठेकेदाराकडे रोजावर लागला. राख उपसायचं काम. कधी सकाळपाळी, कधी दुपारपाळी.

लहानपणच्या एका तापात त्याचा डावा पाय मागे राहिला होता. उजव्यापेक्षा तीन-चार बोटं आखूड. फैजपूरचा एक मोची त्याच्या डाव्या चपलेला जाड तळ लावून द्यायचा. ती चप्पल घालून तो हळू चालला तर पटकन कोणाच्या लक्षात येत नसे. बसलेला असला तर नाहीच.

सोयरिकीसाठी मुलीकडचे आले तेव्हा तो बसलेला होता. त्याच्या वडिलांनी, आबांनी, त्याला आधीच सतरंजीवर बसवलं आणि पाहुणे वेशीबाहेर जाईपर्यंत उठू दिलं नाही. लग्नात मात्र अनवाणी चालावं लागलं. तेव्हा आबांनी मांडवभर सांगितलं, पोराच्या पायात बाभळीचा काटा मोडलाय. कोणी म्हणालं हळद लावा, कोणी म्हणालं रुईचा चीक. सासरे निंबानाना बोदवडच्या पलीकडच्या गावचे. उंच, रुंद हाडाचे, शब्दाचे पक्के. त्यांनी स्वतः वाकून जावयाचं पाऊल हातात घेऊन पाहिलं.

"लय खोल गेला असंल," ते म्हणाले.

पुढच्याच वर्षी आबा वारले. काटा तेवढा राहिला. पारावरचे म्हातारे चुडामणला येता-जाता विचारायचे, "काय रे, निघाला का तुया काटा?" तो हसायचा. गावाला पायाचं माहीतच होतं. सोयऱ्यांना माहीत नव्हतं, आणि ते सांगायचं नाही एवढं गावाने पाळलं होतं.

सायकल आंदणात आली. निंबानानांनी ती मांडवात माळ घालून उभी केली. चोवीस इंची, दुहेरी दांड्याची. स्वतःच्या उंचीच्या मापाने घेतलेली. आंदणाच्या भांड्यांवर नाव घालतात तसं त्यांनी साखळीच्या झाकणावर पिवळ्या रंगात लिहून घेतलं होतं: 'निंबा कौतिक यांजकडून जावई चुडामण यांस सप्रेम'. अक्षरं जाड होती. रस्त्याच्या पलीकडून वाचता यायची.

चुडामण ठेंगणा. त्याला त्या सायकलवर जमिनीवरून चढता येत नव्हतं. चढला तर उतरता येत नव्हतं. सीट पार खाली दांड्याला टेकवली, तरी डावा पाय पायडलला वरच्या वरच शिवायचा. मारायचं ते उजव्यानेच. म्हणून ओटा. रोज तो ओट्यावर उभा राहायचा आणि तिथून सायकलवर बसायचा. कुंदाबाई, त्याची बायको, मागून कॅरेज धरायची. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा तो कामावर निघाला तेव्हा तिने पाहिलं, पुढे झाली आणि धरलं. त्यावर दोघं कधी बोलले असतील असं वाटत नाही.

दीपनगरच्या फाटकाशी चांदभाईचं सायकलचं दुकान होतं. त्याच्या दुकानाच्या पायरीवर चुडामण उतरायचा. चांदभाई हातातलं काम टाकून हँडल धरायचा.

अडचण होती रेल्वेच्या गेटची. गेट बंद असलं की सगळे एक पाय टेकून उभे राहायचे. चुडामणचा कुठलाच पाय जमिनीपर्यंत पोचत नव्हता. तो रस्त्यावर गोल गोल फिरत राहायचा, गाडी जाईपर्यंत. लोक म्हणायचे, सासऱ्याच्या सायकलीचा माज पहा. एकदा कापसाच्या बैलगाड्यांनी रस्ता भरलेला होता. फिरायला जागा उरली नाही. तो पडला. मांडी काळीनिळी झाली. सायकलला ओरखडासुद्धा आला नाही.

त्या संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो होतो. कुंदाबाई विटकर गरम करून शेकत होती.

"विकून टाकतो," तो म्हणाला. "चांदभाई कॉलनीतली बिनदांड्याची पाहून देतो म्हने. बायांची असती तसली."

"विका," कुंदाबाई म्हणाली. "पन आखाजी होऊ द्या. मुराळी येऊन गेला की मग विका."

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे प्रत्येक सासुरवाशिणीला माहेरचं बोलावणं येतं. भाऊ मुराळी म्हणून येतो आणि घेऊन जातो. कुंदाबाईचा भाऊ अभिमन दरवर्षी यायचा. आल्या आल्या आधी सायकलवरून हात फिरवायचा, मग पाणी प्यायचा.

"तवर, आखाजीलोक, पाय राहायला पाहिजे ना," चुडामण म्हणाला.

तिने विटकर पालथी केली.

गिऱ्हाईक चांदभाईनेच आणलं. नथ्थू म्हणून राखेच्याच कामावरचा एक जण होता, उंचापुरा. सायकल नवी दिसत होती. त्याला एका नजरेत आवडली. चांदभाईने पत्र्याचा तुकडा हातात घेतला आणि खाली बसला.

"नाव खरवडून देतो, चुडामणभाऊ. दोन मिनिटांचं काम. वरून काळा हात मारू."

"नको."

"अहो, दुसऱ्याच्या सायकलीवर तुमच्या सासऱ्याचं नाव कशाला?"

"मानूस जिता हाय," चुडामण म्हणाला. "जित्या मानसाचं नाव खरवडतात का?"

चांदभाईने माझ्याकडे पाहिलं. नथ्थू हसला. म्हणाला, "राहू द्या, मले चालतं. वाचता कोनाले येतं?"

सायकल गेली. चुडामण पायी जायला लागला. बिनदांड्याची अजून आली नव्हती.

नथ्थू कुठल्या गावचा, हे आम्ही कोणी विचारलं नव्हतं. तो बोदवडकडचाच निघाला. आठवडी बाजाराला तो सायकल घेऊन गेला आणि मिरचीच्या ढिगाशी उभी करून चहाला गेला. बाजारात निंबानाना होते. अक्षरं लांबून वाचता यायची.

आखाजीला थोडे दिवस उरले होते. पोरींनी निंबाच्या झाडाला झोका बांधला होता. दुपारी अभिमन आला, पण एकटा नाही. बरोबर निंबानाना होते. अभिमनच्या हातात सायकल होती. ती त्याने झाडाला टेकवली. नथ्थूला त्याचे पैसे देऊन सोडवून आणली होती.

मी ओट्यावर चुडामणजवळ बसलो होतो. तो उठला नाही. कुंदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. निंबानानांनी तांब्या घेतला नाही.

"जवाई," ते म्हणाले, "गरज होती तं मले सांगायचं. मी नही म्हनलो असतो का?"

चुडामणने झाडाला टेकलेल्या सायकलकडे पाहिलं.

"विकली तं विकली. मानूस अडतो. पन नाव पुसायचं होतं ना. माह्यं नाव तुम्ही बाजारात उभं केलं. चार गावचे लोक होते. मले दाखवू दाखवू हसत होते, नाना, तुमचं आंदन मिरच्याईत उभं हाय."

"तसं नव्हतं, नाना," चुडामण म्हणाला.

"मग कसं होतं? काहून विकली?"

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "नाना, तुम्ही ऐकून घ्या. त्याच्या पायाला—"

"आकडा लावला," चुडामण म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. त्याने उभ्या आयुष्यात आकडा लावला नव्हता. आकड्याच्या टपरीवरून जाताना तो मान खाली घालायचा. आता तो सरळ निंबानानांकडे पाहत होता.

"सट्ट्यात हरलो. म्हनून विकली."

आबांनी काट्याची गोष्ट सांगितली होती. पाय उघडा पडला असता तर मेलेले आबा खोटे ठरले असते आणि लग्न फसवून केलेलं ठरलं असतं. हे मी नंतर विचार करून काढलं. त्याला विचार करावा लागला नाही.

निंबानानांनी मुलीला विचारलं, "खरं हाय का गं?"

कुंदाबाई दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ते म्हनतात तं खरंच असंल," ती म्हणाली आणि आत गेली. पिशवी घेऊनच बाहेर आली.

निघताना निंबानाना म्हणाले, "आखाजीनंतर घ्याले या. पन याच सायकलीवर बसून या. वेशीतून माह्या दारालोक. ज्याईनं बाजारात पाहिलं त्याईले पाहू द्या, सायकल जवायाखाली हाय. पायी आले तं पोरगी मिळायची नही."

पुढे निंबानाना, मागे अभिमन. कुंदाबाई झाडाशी थांबली. सायकल धरली, ओट्याजवळ आणली, नेहमीच्या जागी नीट लावली. मग गेली.

आखाजीनंतर चुडामणने नथ्थूबरोबर निरोप पाठवला की सोमवारी येतो. मी त्याच्याबरोबर गेलो. त्याची आणि माझी, दोन्ही सायकली एसटीच्या टपावर टाकल्या आणि बोदवडला उतरलो. एसटी स्टँडच्या चौथऱ्यावरून तो सायकलवर बसला. मी कॅरेज धरलं. नवा सदरा होता. वाटेत तो चांगलं बोलत होता. म्हणाला, "तिच्या मायच्या हातचे मांडे खाशील तं घर विसरशील."

गावाबाहेर एक लहान पूल लागला. त्याच्या कठड्याला धरून तो उतरला. तिथून वेस दिसत होती. वेशीच्या आत पार, पारावर माणसं. त्याच्या पुढे निंबानानांचं घर होतं, ते रस्ता वळत असल्याने दिसत नव्हतं.

"त्याह्यच्या घराले ओटा नही," तो म्हणाला.

मला ते माहीत नव्हतं.

"पाराशी उतर," मी म्हणालो.

"पारावर मानसं हायेत. आन् नाना म्हनले दारालोक."

"मी पुढं जाऊन उभा राहतो. तुला धरतो."

"सगळ्याईसमोर?"

तो कठड्यावर बसला. चप्पल काढून जाड तळ पाहत राहिला. ऊन चढलं. गावातून एक बैलगाडी आली, गाडीवानाने आधी सायकलवरचं नाव वाचलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि गाडी हाकली. पारावरचा एक जण उठून उभा राहिला आणि हात कपाळाशी धरून पुलाकडे पाहू लागला.

"चाल," चुडामण म्हणाला. मला वाटलं पुढे. त्याने सायकल माघारी वळवली. बोदवडपर्यंत तो ती हातात धरून चालला. मीही चाललो.

त्याच वर्षी पंच बसले आणि फारकत झाली. चांदभाईने बिनदांड्याची सायकल आल्याचा निरोप धाडला. चुडामण गेला नाही. मला जळगावला एका शाळेत जागा मिळाली.

दोन-तीन वर्षांनी जळगावच्या स्टँडवर अभिमन भेटला. कुंदाबाईला दुसरीकडे, धुळ्याला दिल्याचं त्याने सांगितलं. मग चहा पिता पिता तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही शिकलेले. एक सांगा. त्या सोमवारी कुंदाअक्कानं पहाटेच दगडी उखळ लोटत लोटत दारासमोर आनलं. पार रस्त्याच्या कडेले. माय म्हने, काहून गं? म्हने, धुवाचं हाय. दिवसभर कोनाले हात लावू देला नही. सांजच्याले एकलीनंच आत नेलं. न धुताच. काय असंल?"

एसटी लागली तसा तो गेला.

त्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा मी हे चुडामणला सांगितलं. तो ओट्यावर बसला होता. सायकल ओट्यालाच होती, टायरमधली हवा गेलेली. झाकण तेवढं पुसलेलं होतं. त्याने सगळं ऐकलं.

"केवढं होतं उखळ?" त्याने विचारलं.

मी पाहिलं नव्हतं. पण घरोघरची उखळं सारखीच असतात. मी जमिनीपासून हात धरून दाखवला.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग सायकलकडे. मग पुन्हा हाताकडे.

"पुरलं असतं," तो म्हणाला.