बाळारामच्या खाजणातली पाहणी

फलटणहून पनवेलच्या एसटीत बसवताना सूनबाईंनी मोबाइलवर नकाशा लावून दिला. गाडी सुटल्यावर मी तो बंद केला. शाळा दुसरीत सोडली, पण उभा जन्म ट्रक चालवला. पनवेल म्हणजे आमचं जेवणाला थांबायचं ठिकाण. मला कोण रस्ता दाखवणार?

पनवेलच्या अलीकडे आता पुलावर पूल झालेत. जुना फाटा आला म्हणून मी हट्टाने गाडी थांबवायला लावली आणि भलतीकडेच उतरलो. चहूकडे टोलेजंग इमारती. रिक्षावाल्याला म्हटलं, इथं पूर्वी भातशेती होती.

"पूर्वी मीपण बारीक होतो, बाबा. बसा," तो म्हणाला.

मी रागाने थोडं अंतर चाललो. तो मागून सावकाश येत राहिला. शेवटी बसलो.

बाळाराम माझा ट्रकवरचा जोडीदार. त्याचं गाव खाडीकाठी. घरापुढे त्याचं खाजण (भरतीचं खारं पाणी शिरतं ती सखल जमीन), त्यात मधोमध मोठा खळगा, कडेला तिवरं (चिखलात वाढणारी खारी झाडं) आणि बगळे. लांब खारघरचे मनोरे धुरकट दिसतात. रात्री तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण मिळालं. आमच्याकडच्या बाजरीला त्याची सर नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. आधीच त्याचा भाव चढलेला होता.

चढायला कारणही होतं. एका संस्थेला त्याने हे खाजण शाळेसाठी फुकट देऊ केलं होतं. गावातली पोरं हायवे ओलांडून पलीकडच्या शाळेत जातात. त्याची नात तन्वीही त्यातच. ट्रेलरच्या कॅबिनमधून तेवढं पोर दिसत नाही, हे आम्हा दोघांना कुणी सांगायला नको. बाळाराम रोज ती घरी येईपर्यंत जेवत नाही. आता पर्यावरणाच्या पाहणीला सरकारी माणसं येणार होती. त्यांनी होकार दिला तर शाळा, नाहीतर पुन्हा हायवे.

"दादूस, पावन्यांना चिखल दाखवायचा काय?" त्याने मला विचारलं.

मलाही पटलं. मुलगी बघायला येतात तेव्हा आपण घर सारवतोच की. दुसऱ्या दिवशी सगळं गाव राबलं. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावला. गवत कापलं. खळगा मुरूम टाकून बुजवला. डंपर मागे घेताना पोरगा चुकत होता, म्हणून हात दाखवायला मी उभा राहिलो. खळग्याच्या बाजूला मांडव घातला, रांगोळी काढली. जागा अशी नटली की बगळे लांबूनच बघून परत गेले.

पाहणीला आल्या त्या एक मॅडम आणि बरोबर दोघे. मॅडमनी नकाशा काढला, जमिनीकडे बघितलं, पुन्हा नकाशाकडे बघितलं.

"इथे खळगा होता ना?"

"बुजवला," बाळाराम छाती काढून म्हणाला. "तुमाला तरास नको म्हनून."

मॅडमनी डोक्याला हात लावला. आम्ही जागा जशी आहे तशी बघायला आलोय, काका, असं त्या हळूच म्हणाल्या. बाळारामने माझ्याकडे बघितलं. मी मांडवाच्या झालरीकडे बघितलं.

आता जेवण. मॅडम म्हणाल्या, पाहणीला आल्यावर कुणाचं खायचं नाही असा आम्हाला नियम आहे, डबे आणलेत. हा घाव मात्र बाळारामला सोसेना. त्याने एवढा ताजा जिताडा मासा आणवला होता. शेवटी तोडगा निघाला. सगळ्यांनी एकाच मांडवात बसायचं, ज्याने त्याने आपापलं खायचं. ते आपली भेंडी चावत होते आणि नजर आमच्या पानावर होती.

अमावस्येचं उधाण होतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक. पण पाणी दरवेळी खळग्यात मुरायचं, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. खळगा बुजलेला. पाण्याने मांडवाची वाट धरली. आधी रांगोळी गेली, मग पत्रावळी हलायला लागल्या. मॅडमची चप्पल तरंगत बाळारामच्या पायरीला जाऊन लागली. मॅडम उठल्या नाहीत, मांडी घातलेलीच ठेवली आणि म्हणाल्या, "उधाण बघूनच आजचा दिवस धरला होता. पण मला वाटलं होतं पाणी किती चढतं ते मोजावं लागेल."

कुणी हसलं नाही. वर्गात पोरं बसलेली असताना असं झालं तर, हे सगळ्यांच्याच मनात आलं.

इथे शाळेला होकार देता येणार नाही, आणि खळगा होता तसा करून द्यावा लागेल, असं मॅडमनी सांगितलं. बाळाराम ओल्या धोतराने खाली बसला. मग मॅडमनी विचारलं, गावात अशी कुठली जागा आहे जिथे पाणी कधीच येत नाही? सगळ्यांच्या माना गावामागच्या माळाकडे वळल्या आणि लगेच परत आल्या. माळावर बाळारामच्या नव्या बंगल्याचं जोतं बांधून तयार होतं.

"गप बस," तो मला म्हणाला. मी तोंडही उघडलं नव्हतं.

सकाळी डंपर मुरूम उपसायला लागला. पुन्हा मीच हात दाखवले. यावेळी फुशारकी नव्हती. दुपारी तन्वी शाळेतून आली, तेव्हा बाळाराम जोत्यावर उभा होता. त्याने तिला खालच्या घरापासून तिथपर्यंत चालत यायला लावलं. ती आली, वाटेत दोनदा चप्पल नीट केली, एका बकरीशी बोलली.

"कुटं थांबावं नाय लागलं?" त्याने विचारलं.

"कशाला थांबू?" ती म्हणाली.

त्याने तिथूनच मॅडमना फोन लावला. "माळ घ्या. पन बगायला या, मी काय बी लपवत नाय."

मी दोन दिवसांनी निघालो. माळाची पाहणी व्हायची आहे. कागद किती टेबलं फिरतील देव जाणे. बाळाराम मला पोचवायला फाट्यापर्यंत आला आणि जुन्या घराची गळकी कौलं बदलायचं बोलत राहिला. एसटीत बसल्यावर मी हिशेब केला की माझ्याइतका रस्ता आमच्या तालुक्यात कुणी तुडवला नसेल. पण त्याच्या ओट्यापासून माळापर्यंतची ती वाट, जिथे पोरीला कुठे थांबावं लागत नाही, तशी एकही मला कधी कुणाला देता आली नाही. त्याचा हेवा वाटला, आणि वाटला हे लिहून ठेवतो.