आमचा क्रूस वेगळा

चर्चच्या पायरीवर बाच्या खांद्यावरून क्रूस काढून घेतला. घेणारा लाकडाच्या वखारीचा मालक. पांढरा कोट, चकचकीत बूट. "सोड आता. आत आम्ही नेतो," तो तमिळमध्ये म्हणाला. तमिळ आम्हाला कळायचं.

बा म्हणजे माझा बाप. यशवंतपूरच्या मालधक्क्यावर हमाल. आमचं मूळ नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातलं. ख्रिस्ती धर्मात विटाळ नाही, असं कुणीतरी सांगितलं म्हणून आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. बंगळूरला आलो तरी बोली घरात तीच राहिली. शेजारपाजारचे माझ्या बापाला अण्णा म्हणायचे. चर्चमध्ये त्याला नाव नव्हतं. गोणीवाला म्हणायचे.

दर गुड फ्रायडेला शिवाजीनगरच्या बाजारातून मिरवणूक निघायची. क्रूस फणसाच्या लाकडाचा, दोन माणसांनी उचलावा असा. तो बा एकटा वाहायचा. उन्हात, अनवाणी. मागून बायका रडत गाणी म्हणायच्या. मला अभिमान वाटायचा. माझा बाप येशूचं ओझं वाहतो, असं मी शाळेत सांगायचे.

मी सांगतेय त्या वर्षी त्याचा खांदा सोलून निघाला. सदरा रक्तानं चिकटला होता.

आत बाकं वखारवाल्यासारख्या वरच्या जातीच्या ख्रिस्त्यांची. आम्ही मागं, लाकडी कठड्याच्या पलीकडं, फरशीवर. क्रुसाचं चुंबन घ्यायची वेळ झाली की आधी बाकांवरचे उठायचे. त्यांचं झालं की मोठा क्रूस वेदीकडं जायचा आणि आमच्यासाठी आतल्या खोलीतून एक छोटा क्रूस यायचा. त्यावरच्या येशूच्या पायांचा रंग उडालेला होता. मी लहानपणापासून तोच चुंबत आले होते. कधी काही वाटलं नव्हतं.

बाला त्या दिवशी काय झालं कोण जाणे. तो उठला, कठडा ओलांडला आणि पुढच्या रांगेत जाऊन उभा राहिला. स्वतः वाहून आणलेल्या लाकडाला ओठ लावायचे होते, एवढंच.

वखारवाल्यानं त्याच्या छातीवर आडवा हात धरला.

"तुमचा वेगळा येतोय. मागं हो."

सगळं चर्च बघत होतं. फादरही बघत होते. मग त्यांनी मान वळवली. बानं हात जोडले. वखारवाल्याला जोडले की क्रुसाला, मला कळलं नाही. तसाच उलट्या पावलांनी मागं आला. मी काही केलं नाही. काही करता येण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन फादरांकडं गेली. ती तक्रार करायला नाही, माफी मागायला गेली होती. फादर प्रेमानं बोलले. क्रूस म्हणजे सोसणं, म्हणाले. प्रभूनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आई मान हलवत राहिली.

मी विचारलं, "फादर, खिळे कुणी मारले?"

"शिपायांनी."

"आणि त्यांना सांगितलं कुणी?"

फादरांनी दाराकडं बोट केलं. मग म्हणाले, "पोरी, तू बाहेर थांब."

मी बाहेर थांबले. पण उत्तर मला माहीत होतं. ज्यांची बाकं पुढं होती त्यांनी. आणि येशू गप्प होता म्हणून त्याला टांगलं नव्हतं. तो बोलला होता म्हणून टांगलं होतं.

घरी आई बाच्या खांद्याला हळद लावत होती. पुढच्या वर्षी उचलू नको, मी म्हटलं. बानं सदरा खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाला, "न्हाई म्हणलं, तर आपल्याला तेवढंबी उरत न्हाई."

पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा उचलला. मी थांबवू शकले नाही.

त्या दिवशी छोटा क्रूस कठड्यापाशी आला. मी गुडघ्यांवर बसले होते, माझा नंबर आला. मी वाकले नाही. चर्चच्या चाकरानं माझी मान दाबली. आई कुजबुजली, "वाक गं बाई, वाक." मान दुखली, तरी मी ताठ राहिले. मग उठले आणि बाहेर उन्हात गेले.

फादरांच्या शब्दावर मला नर्सिंगला जागा मिळणार होती. ती गेली. आई महिनोन्‌महिने रडली. बा माझ्याशी धड बोलेनासा झाला. तो क्रूस वाहत राहिला, खांदा निकामी होईपर्यंत. मग आमच्यातलाच दुसरा माणूस त्यांनी धरला. माझ्या न वाकण्यानं कठडा हलला नाही.

आता बा नाही. मला राजाजीनगरातल्या एका कारखान्यात काम आहे, पदरात मुलगी आहे. येशू मी सोडलेला नाही. तो त्यांच्या मालकीचा नव्हता कधी. येत्या गुड फ्रायडेला मुलीला घेऊन मी मोठ्या क्रुसाच्या रांगेत उभी राहणार आहे. कुणीतरी हात आडवा घालेल. कदाचित बाहेर काढतील, पुन्हा पाऊल टाकू देणार नाहीत. बाहेर काढायचं तर त्यांना मला ओढत न्यावं लागेल. आपल्या पायांनी मी मागं जाणार नाही.