मागची सीट नसलेली गाडी

कवळीमास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. ते कवळ्या बनवत. दंतवैद्य दात उपटून मोकळे व्हायचे आणि त्या जागी काय शोभेल ते मास्तर ठरवायचे. त्यांची कवळी घातलेला म्हातारा हसला की लोक म्हणत, "या वयात दात काय शाबूत आहेत!" ही दाद कानावर पडावी म्हणून मास्तर कुठेही गेले तरी म्हाताऱ्यांच्या शेजारी खुर्ची ओढत.

खोड एकच. अर्धवट काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. शेजाऱ्यांच्या फाटकावर सिमेंटचा नकटा सिंह होता. मास्तरांनी शेजाऱ्यांना न विचारता त्याला नाक बसवून दिलं. तेव्हापासून सिंह थेट शेजाऱ्यासारखा दिसतो, असं बायकोचं म्हणणं.

बायकोचं दुखणं वेगळं होतं. मास्तरांच्या आईला गाडीत मागे बसलं की मळमळायचं, आणि हे तिला मुलाचं लग्न झाल्यावरच समजलं होतं. त्यामुळे घरच्या गाडीत आई पुढे आणि बायको पिशव्यांबरोबर मागे. सासूबाई काचेतून जग बघायच्या आणि बायको सासूबाईंचा अंबाडा बघायची. वर्षानुवर्षं तोच अंबाडा.

मास्तरांना तरुणपणापासून एका परदेशी स्पोर्ट्स कारचं वेड होतं. तशी एक म्हातारी, हिरवी गाडी समुद्रापलीकडे विकायला निघाली, तेव्हा त्यांनी भीत भीत बायकोला फोटो दाखवला. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून त्यांनी मान खाली घातली.

"मागची सीट कुठाय?" बायकोने विचारलं.

"नाहीच. दोघांपुरतीच असते ही."

बायकोने चष्मा लावून फोटो पुन्हा पाहिला. बरणी घ्यायची तर चार दुकानं पालथी घालणारी बाई ती. "घ्या," ती म्हणाली.

गाडी आली. कस्टमवाल्यांनी ती वाहन की पुराणवस्तू यावर इतका खल केला, की तेवढ्यात ती आणखी जुनी झाली. उरली फक्त नोंदणी कार्यालयातली तपासणी. तिथला नियम सरळ होता. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला तर गाडी रस्त्यावर, नाही तर भंगारात.

तपासणीच्या आदल्या दिवशी मास्तर गाडी पुसायला बसले. नंबरावरची धूळ काढताना त्यांना एक इंग्रजी आठाचा आकडा दिसला, डावी बाजू झिजून गेलेला. त्यांचे हात शिवशिवले. दात बुजवायचा मसाला कालवून त्यांनी आठ पूर्ण केला, त्याला सांगाड्याचा मळकट हिरवा रंग दिला, वर थोडा गंजही चढवला. जोड कुठे आहे ते स्वतः त्यांनाही सापडेना. स्वारी खूश होऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मास्तर आणि बायको शेजारी उभे होते आणि तपासणारे साहेब गाडीत डोकं खुपसून नंबर वाचत होते. डोकं बाहेर आलं तेव्हा कपाळावर आठी होती.

"कागदावर तीन आहे. गाडीवर आठ."

"झिजला असेल हो," मास्तर म्हणाले.

"झिजून तिनाचे आठ होत नाहीत."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. बायकोने तो पाहिला आणि तिला शेजाऱ्यांचा सिंह आठवला.

"अहो, तुम्ही हात लावलात?"

"अर्धवट होता गं तो. मला वाटलं आठ आहे."

साहेबांनी नंबरावरून बोट फिरवलं, बॅटरी मारली, नखाने टोकरलं. "थापा मारू नका. हा मूळचाच आहे. ही गाडी दुसरीच कुठली तरी आहे. भंगारात जाईल."

आयुष्यातली सगळ्यात मोठी दाद मिळाली होती आणि ती घेता येत नव्हती. मास्तरांच्या खिशात कवळ्या तासायची कोरणी होती, पण हात उठेना. इतकं बेमालूम काम पुन्हा कधी होणार!

"काढा ते," बायको म्हणाली. "मला आता पुढे बसायचंय."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं गाडीच्या आरशात तिचा फक्त कपाळाचा तुकडा दिसायचा, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कोरणी काढली आणि आठाचा भुगा केला. खालून जुना, मळका, जन्मजात तीन बाहेर आला. साहेबांनी तो दातांचा मसाला ओळखला, शिक्का मारला आणि जाताजाता तोंडावर हात धरून विचारलं, "वरची कवळी बोलताना खटखट वाजते. येऊ का एकदा?"

घरी येताना बायको पुढे बसली होती. समोर कुणाचाच अंबाडा नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याने, असं तिने सांगितलं. आनंद तर झालाच होता, आणि त्याला इतका उशीर लागला याचा रागही आला होता.

दारात सासूबाई पिशवी घेऊन तयार उभ्या होत्या. त्यांना पाहताच बायको सवयीने उतरली आणि मागचा दरवाजा शोधू लागली. सासूबाई सवयीने आपल्या नेहमीच्या बाजूला गेल्या. तिथे मुलगा बसला होता, कारण गाडी जिथून आली त्या देशात स्टिअरिंग उलट्या बाजूला असतं.

"ऊठ, माझी जागा आहे ती," सासूबाई म्हणाल्या. मास्तर सवयीने उठले. सासूबाई आत बसल्या. "हे चाक कुणी ठेवलं इथे?"

"असू द्या, आई. धरा ते," असं म्हणून बायको पलीकडून पुन्हा आत बसली आणि तिने दार लावून घेतलं.

मास्तर रस्त्यावर उभे. "अगं, मग मी कुठे बसू?"

"मागे बसा ना," बायको म्हणाली. "की मळमळतं?"